फ्री डिशवर रेकॉर्डिंग करायचंय, रिचार्ज नको, तर बॉक्स कुठला घ्यावा?

तुम्ही विचारलंय की गावी आईवडिलांकडे छत्री बसवायचीये, महिन्याचं रिचार्ज नको आणि चुकलेला कार्यक्रम नंतर बघता यायला हवा, तर कुठला बॉक्स घेऊ. मी हेच काम तीन वर्षांपूर्वी आमच्या गावी केलंय म्हणून सांगतो, फक्त मॉडेल नंबर माझ्याकडून मागू नका, हे बॉक्स सारखे नाव बदलून येतात आणि बऱ्याचदा आत तेच असतं.

आमच्याकडे कारण साधं होतं. आण्णा संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला जातात आणि सह्याद्रीच्या सातच्या बातम्या नेमक्या तेव्हाच. घरी येऊन विचारणार काय म्हणाले पावसाचं, आई म्हणणार मी भाकरी थापत होते, मी कुठं ऐकलं. रोजचं भांडण.

आधी मी शहरात एका खासगी डीटीएच कंपनीचा रेकॉर्डरवाला बॉक्स वापरायचो. रिचार्ज संपलं तसं आधी रेकॉर्ड केलेलंसुद्धा उघडेना, म्हणजे रेकॉर्डिंग माझं पण किल्ली त्यांच्याकडे. फ्री डिशला ही कटकट नाही. प्रसार भारतीची ही सेवा २००४ च्या डिसेंबरपासून आहे, तेव्हा डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे, एकदा छत्री आणि बॉक्सचे पैसे दिले की विषय संपला. आणि बाजारात मिळणारा यूएसबीवाला साधा फ्री टू एअर, म्हणजे रिचार्ज न लागणारी चॅनेलं दाखवणारा बॉक्स चालू चॅनेल जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर उतरवतो, ती फाईल लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सरळ चालते. टीव्हीतच ट्यूनर, म्हणजे छत्रीचं सिग्नल पकडून चॅनेल लावणारा भाग असला तर काही टीव्ही यूएसबीवर रेकॉर्ड करतात, पण ते रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच टीव्हीवर चालतं, टीव्ही बदलला की गेलं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न, एमपेग-४ आहे का, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत बॉक्सला कळते का. जुने एमपेग-२ वाले बॉक्स अजून स्वस्तात खपवतात, त्यावर फ्री डिशची सगळी चॅनेलं दिसत नाहीत. दुसरा, यूएसबीवरून रेकॉर्डिंग होतं का नुसती गाणी आणि पिक्चर वाजतात, कारण खोक्यावर यूएसबी लिहिलेलं असलं तरी काहींमध्ये रेकॉर्डिंग नसतंच. दुकानदार हो हो म्हणेल. खिशात स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन जा, तिथेच लावा, रिमोटचं लाल बटण दाबा, दोन मिनिटं रेकॉर्ड करून परत लावून बघा, तोंडी हो वर जाऊ नका. माझा बॉक्स बाराशेच्या आसपास पडला, यापेक्षा फार महागडा घेऊन काय वेगळं मिळतं ते मला तरी कळलेलं नाही.

या बॉक्समध्ये ट्यूनर एकच असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघायचं असेल तर ते त्याच टीपीवरचं असावं लागतं. टीपी म्हणजे ट्रान्सपॉन्डर, डिशवाले टीपीच म्हणतात, एकेका टीपीवर बरीच चॅनेलं एकत्र येतात. आमच्या आईला हे टीपीबिपी कोण समजावणार, तिला एवढंच सांगितलं की रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसतोय तोवर काही चॅनेलं लागणार नाहीत, तुझी मालिका लागली तर लागली. दोन्ही हवंच असेल तर दोन आउटपुटवाली एलएनबी (छत्रीच्या दांड्यावर सिग्नल पकडणारं डबडं) आणि दुसरा बॉक्स, मी अजून केलेलं नाही.

आता खरी गंमत. बॉक्स लावला, टायमर टाकला, रोज सात ते साडेसात, आणि मी परत आलो. दुसऱ्या दिवशी आण्णांचा फोन, काहीच नाही रे त्यात. तिसऱ्या दिवशी पण तेच. शनिवारी जाऊन बघतो तर आई झाडलोट करून झाली की बोर्डावरचं बटण बंद करते, लाईट बिल वाचतं म्हणून. टायमर बॉक्सला उठवतो तो स्टँडबायमधून, म्हणजे रिमोटने बंद केला असेल तरच, भिंतीवरचं बटणच बंद तर तो मेलेला. बटणावर चिकटपट्टी लावली. मग रेकॉर्डिंग झालं, पण रात्री साडेबाराला सुरू झालेलं! उपग्रहावरून येणारी वेळ ग्रीनिचची असते, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जीएमटीपुढे आपण +५:३० टाकायचं असतं, ते शून्यच राहिलेलं, म्हणून बॉक्सचे सात वाजले आपल्या साडेबाराला. त्यामुळे बॉक्स लावल्यावर आधी स्क्रीनवरचं घड्याळ हातातल्या घड्याळाशी जुळतंय का बघा, बाकी सगळं नंतर.

आणि लाईट. आमच्याकडे संध्याकाळी सिंगल फेजसुद्धा कधी जाईल सांगता येत नाही. पण रेकॉर्डिंगला टीव्ही लागतच नाही, बॉक्स चालू राहिला की झालं, छत्रीवरच्या एलएनबीला करंट बॉक्सच पुरवतो. म्हणून बॉक्स १२ व्होल्टच्या वेगळ्या ॲडॅप्टरवर चालणारा घ्या, ज्याची २३० ची वायर थेट आत जाते तो नको. १२ व्होल्टवाल्याला वायफाय राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस लावता येतो, फक्त ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिन जुळवून घ्या. मी लावलाय, लाईट गेल्यावर घरात अंधार आणि कोपऱ्यात बॉक्सचा हिरवा दिवा तेवढा चालू असतो, आई म्हणते समई लावल्यासारखी वाटते.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा, बिल घेऊन. साध्या चॅनेलला तासाला साधारण एक जीबी धरा, म्हणजे पंचवीस-तीस तास बसतात. रस्त्यावर मिळणारे डुप्लिकेट स्लो असतात, रेकॉर्डिंग मधेच अडकतं. जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क लावायचा मोह होईल, मलाही झाला, ती नुसती टिकटिक करत बसली कारण या बॉक्सचा यूएसबी पोर्ट तेवढा करंट देत नाही. पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ या फॉरमॅटमध्ये असतो, त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंगचे बॉक्स तुकडे करतो. बातम्यांना फरक पडत नाही, क्रिकेटला पडतो, टी-२० ची शेवटची ओव्हर दुसऱ्या फाईलमध्ये जाते आणि आण्णांना वाटतं मॅच कापली.

क्रिकेटवरून आठवलं, भारताच्या वनडे आणि टी-२० डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशला दिसतात पण केबलवर तेच चॅनेल लावलं तर दुसरंच काहीतरी चालू असतं, यात बॉक्सचा दोष नाही. २००७ च्या कायद्याने खासगी चॅनेलला मॅचचं सिग्नल प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं. आमच्या शेजारी केबल आहे, मॅचला ते आमच्याकडे येऊन बसतात.

एप्रिलच्या सुरुवातीला एकदा गावी चक्कर मारा किंवा फोनवरून कुणा पोराकडून रीस्कॅन, म्हणजे बॉक्सला चॅनेलं परत शोधायला लावणं, करून घ्या. खासगी चॅनेलांच्या जागांचा लिलाव दरवर्षी होतो, काही चॅनेलं जातात, नवी येतात, नंबर हलतात. आमच्या बॉक्सवर रीस्कॅन केलं की टायमर पुसले जातात, ते परत टाकावे लागतात, पाच मिनिटं आधीपासून आणि दहा मिनिटं नंतरपर्यंत टाका. आणि पावसाळ्यात जोराची सर आली की चित्र फुटतं तसं रेकॉर्डिंगही फुटतं, त्याला कुठल्याच बॉक्सकडे उपाय नाही.

टीव्ही जुना डब्बा आहे का एलईडी ते तुम्ही लिहिलं नाही. जुना असेल तर बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर लागेल, नुसता एचडीएमआयवाला उचलून आणू नका. आणि रिमोटसोबत फुकट येणारे सेल पहिल्याच दिवशी बदला, आमचे पंधरा दिवसांत गळले होते.