वेब डिरेक्टरीत स्वयंसेवक संपादक कसं व्हायचं? कोल्हापुरात बसून, मराठीतून हे काम जमतं का?

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: अर्ज कसा करायचा, पैसे मिळतात का, मराठीतून काम करता येतं का, आणि गूगल असताना याचा उपयोग काय. मधल्या दोन आधी सांगून टाकतो. पैसे मिळत नाहीत, एक रुपयाही नाही. मराठीतून काम मात्र अगदी व्यवस्थित करता येतं.

मी राजारामपुरीत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांचे बोर्ड. बरीच वर्षं रात्री जेवण झाल्यावर तासभर डीमॉझवर संपादक म्हणून बसायचो. डीमॉझ म्हणजे ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, माणसांनी साइट्स बघून विषयवार लावलेली वेबसाइट्सची यादी. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी जून 1998 मध्ये ती सुरू केली आणि त्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीनं ती विकत घेतली. याहूची डिरेक्टरी पगारी माणसं चालवायची, आणि नव्या साइट्सचा ढीग त्यांच्याच्यानं उपसत नव्हता. मग ज्याला ज्या विषयाची माहिती आहे त्यानं तेवढाच कोपरा सांभाळावा, असा हा विचार. मार्च 2017 मध्ये डीमॉझ बंद झाली तेव्हा तिच्यात 90 भाषांतल्या सुमारे 38 लाख साइट्स होत्या. तिच्याच संपादकांनी पुढं ‘कर्ली’ नावानं काम चालू ठेवलं, त्यामुळं आज अर्ज करायचा तर तिथं करा.

अर्जात काय मागतात? विभाग निवडायचा, त्या विषयाशी तुमचा संबंध काय ते लिहायचं, कुठल्या साइट्सशी तुमचे हितसंबंध आहेत ते सांगायचं, आणि त्या विभागात बसतील अशा दोन-तीन साइट्स शीर्षक आणि वर्णनासकट द्यायच्या. बाकी सगळं दोन मिनिटांत भरून होतं. खरी परीक्षा शेवटच्या भागात असते आणि बहुतेकांचे अर्ज तिथंच अडतात. माझा पहिला अर्जही तिथंच अडला होता.

मी दोन चुका केल्या होत्या. एक म्हणजे भलामोठा विभाग मागितला. नवख्याला लहान विभागच देतात, आणि ते बरोबर आहे, कारण तुमचं काम दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. दुसरी चूक वर्णनाची. चपलांच्या एका दुकानाच्या साइटबद्दल मी लिहिलं होतं, ‘अस्सल कोल्हापुरी चपलांचे एकमेव विश्वसनीय दालन. एकदा अवश्य भेट द्या!’ दिवसभर हँडबिलं लिहिणाऱ्या हाताला तेच वळण होतं. अर्ज परत आला, सोबत चार ओळींचं नीट कारण होतं. त्या चार ओळींनी मला लिहायला शिकवलं, असं मी मनापासून मानतो.

तेच वर्णन मी दुसऱ्यांदा असं लिहिलं: ‘पुरुष आणि महिलांसाठी हाताने शिवलेल्या कापशी व कुरुंदवाडी चपला. छायाचित्रे, मापांचा तक्ता आणि घाऊक खरेदीची माहिती.’ यात ‘उत्तम’ नाही, ‘स्वस्त’ नाही, ‘आम्ही’ नाही. साइट उघडल्यावर काय दिसेल, तेवढंच. शीर्षकात साइटचं अधिकृत नाव जसंच्या तसं, उद्गारचिन्हाशिवाय, आणि तेच नाव वर्णनात पुन्हा नाही. संपादक दुकानदाराचा माणूस नसतो, शोधणाऱ्याचा असतो. अर्ज तपासणारा तुमच्या नमुन्यांत हेच बघतो, की तुम्ही कुणाच्या बाजूनं लिहिताय.

विभाग निवडताना भाषेचा नियम लक्षात ठेवा. डीमॉझमध्ये स्थानिक दुकानाची किंवा संस्थेची इंग्रजी साइट जागेनुसार लागायची: आशिया, भारत, महाराष्ट्र, मग गाव. मराठी साइट ‘वर्ल्ड’खालच्या मराठी शाखेत. एखादी साइट दोन्ही भाषांत पूर्ण असेल तर दोन्हीकडं लावता यायची, पण नुसतं मुखपृष्ठ मराठीत आणि आत सगळं इंग्रजी, अशी साइट मराठीत घ्यायची नाही. अशा कितीतरी साइट्स मी बाजूला काढल्या. मराठी वाचायला आलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये, एवढंच त्यात होतं.

विभागात कुठं काय बसतं, हे ठरवण्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. एक उदाहरण सांगतो. निपाणीच्या एका कारागिराची मराठी साइट आली, कोल्हापुरी चपलांची. ती कोल्हापूरच्या विभागात लावायची का? नाव कोल्हापुरी, भाषा मराठी, पण निपाणी आहे बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेही आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. माझ्यापुढं हा प्रश्न त्याच्या आधीच आला होता, आणि मी ती साइट कोल्हापूरच्या विभागात न घेता पादत्राणांच्या विभागात ठेवली. व्यवसाय जिथं आहे तेच त्याचं गाव, मालाच्या नावावरून गाव ठरत नाही. पापाच्या तिकटीवर चपला विकणाऱ्या एका ओळखीच्यांना ते पटलं नाही, त्यांनी मला तासभर ऐकवलं. तरी तो निर्णय मी आजही तसाच घेईन. असा विचार करणारं यंत्र मला अजून भेटलेलं नाही, आणि तुमच्या ‘गूगल असताना कशाला’ या प्रश्नावर माझं उत्तर हेच. शोध घेतल्यावर जे वर येतं त्याला कुणीतरी वर आणलेलं असतं. इथं माणसानं साइट उघडून वाचलेली असते.

ओळखीचे लोक येणार, याची तयारी ठेवा. एके काळी गूगल डीमॉझचा मजकूर स्वतःच्या निकालांत दाखवायचं, त्यामुळं नोंद मिळवायला लोक धडपडायचे. मला एकानं पैसे देऊ केले, एकानं चपलेचा जोड. सरळ नाही म्हणायचं. माझ्या मावसभावाचं दुकान होतं, त्याची साइट मी स्वतः हातात घेतली नाही. नातं लिहून ठेवलं आणि दुसऱ्या संपादकाला बघायला सांगितलं. तुमच्या घरात कुणाचा धंदा असेल तर अर्जातच लिहा. त्यानं अर्ज नाकारला जात नाही, लपवल्यानं जातो.

बाकी रोजचं काम शांत असतं. आलेल्या साइट्स तपासायच्या, बंद पडलेल्या काढायच्या. डीमॉझमध्ये रोबोझिला नावाचा प्रोग्रॅम मेलेले दुवे दाखवून द्यायचा, पण पत्ता बदललेली साइट नव्यानं शोधायची ती आपणच. चार महिने एकही बदल केला नाही तर खातं बंद व्हायचं. म्हणून परीक्षेच्या दिवसांतही आठवड्याला एखादी साइट बघत चला.

तुम्ही शिवाजी विद्यापीठात मराठी एम.ए. करताय असं लिहिलंय. मग साहित्याचा अख्खा विभाग मागू नका. ग्रंथालयं घ्या. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. कुणाची मराठी साइट खरंच चालू आहे, कुणाची नुसती नावाला आहे, हे आधी बघा. त्यातल्या तीन निवडा, प्रत्येकीची सगळी पानं वाचा, आणि पंचवीस शब्दांत वर्णन लिहा. इथं खाली टाकलीत तर अर्ज पाठवायच्या आधी मी वाचून देतो. विशेषणं सापडली तर खोडीन.