गावकरी परकीय कसा असेल?

सांगलीच्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न असा आहे. मुलांना चित्रपट दाखवून त्यावर गप्पा मारण्याच्या एका कार्यक्रमासाठी ते 'स्टार वॉर्स' मालिकेतील १९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' या चित्रपटातील पात्रांची मराठीत ओळख लिहीत आहेत. त्यात जंगलातील लढाईच्या वेळी क्षणभरच दिसणारा एक इवॉक, म्हणजे अस्वलाच्या पिल्लासारखा दिसणारा तेथील रहिवासी, आहे. शेजारी कोसळलेल्या सोबत्याला तो हलवून पाहतो आणि तो उठत नाही हे कळल्यावर शोक करतो. हाताशी असलेल्या इंग्रजी टिपणात या पात्राला 'एलियन व्हिलेजर' म्हटले होते, म्हणून यांनी 'एक परकीय गावकरी' असे लिहिले. त्यांचे वडील तलाठी म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते वाचून वडील म्हणाले, "जो गावकरी आहे तो परकीय कसा, आणि जो परकीय आहे त्याला गावकरी कोण म्हणेल?" मग येथे 'परग्रहवासी' चालेल का, की आणखी कोणता शब्द आहे, असे त्यांनी विचारले आहे.

वडिलांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. 'परकीय' हा 'स्वकीय'च्या विरुद्ध अर्थाचा शब्द असून परकीय सत्ता, परकीय चलन, परकीय आक्रमण अशा जोड्यांतून तो आपल्या कानांवर येतो. म्हणजे बोलणारा एका बाजूला उभा असतो आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो सीमेपलीकडे असतो. 'गावकरी' या शब्दात मात्र गावाशी असलेले नाते आधीच गृहीत धरलेले असते. शेतकरी, वारकरी, थळकरी या शब्दांप्रमाणेच येथेही '-करी' हा प्रत्यय माणसाला त्याच्या कामाशी किंवा ठिकाणाशी बांधून टाकतो. गोव्यात तर गावकार म्हणजे गावच्या सामाईक जमिनीत वंशपरंपरेने हक्क असलेला माणूस. त्यामुळे 'परकीय' आणि 'गावकरी' हे शब्द शेजारी ठेवले की एक शब्द दुसऱ्याला खोडून काढतो.

तलाठ्यांना हे चटकन खटकावे यात नवल नाही, कारण आपल्या भागातील जमिनीच्या जुन्या कागदांत हाच भेद पानोपानी नोंदलेला असे. ज्याचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क होता तो मिरासदार किंवा थळकरी, आणि जो बाहेरून येऊन असा कायमचा हक्क न मिळवता जमीन कसत असे तो उपरी. आजचा 'उपरा' हा शब्द याच कुळातला आहे. आता ही फूटपट्टी चित्रपटाला लावून पाहावी. एंडोरच्या त्या वनमय चंद्रावर इवॉक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, उंच झाडांच्या खोडांभोवती त्यांची घरे आहेत आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्यांनी पूल बांधलेले आहेत. त्या गावात जाळ्यात अडकून आणि काठीला बांधले जाऊन जे येतात ते ल्यूक, हान आणि त्यांचे सोबती. म्हणजे कथेचे नायक तेथे उपरे आहेत आणि आपल्या प्रश्नातील तो दुय्यम इवॉक मिरासदार आहे. पुढे सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव गावापुढे सगळी हकीकत सांगतो आणि गाव या पाहुण्यांना आपल्यात घेते. येथे मी 'गाव घेते' असे मुद्दाम लिहिले, कारण 'गावाने ठरवले', 'गाव जमले' असे गावालाच कर्ता करून बोलण्याची आपली रीत त्या प्रसंगाला नेमकी लागू पडते.

'परग्रहवासी' हा शब्द विज्ञानकथांच्या मराठी वाचकांना परिचित आहे आणि सर्वसाधारण अर्थाने तो चांगलाच आहे, पण येथे त्याला दोन अडचणी आहेत. इवॉकांचे गाव ग्रहावर नसून एका ग्रहाच्या उपग्रहावर आहे, आणि ज्या वयात मुले ग्रह आणि उपग्रह यांतील फरक शिकत असतात त्या वयाच्या प्रेक्षकांसाठी लिहिताना ही ढिलाई मला योग्य वाटत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. 'पर' हे पद शब्दात आले की पाहणारा पृथ्वीवर उभा आहे असे ठरून जाते, तर त्या कथेत पृथ्वी कोठेच नाही. ल्यूक एका ग्रहाचा आणि लेया दुसऱ्या ग्रहाची, त्यामुळे एकमेकांच्या दृष्टीने सगळेच परग्रहवासी ठरतील. 'परग्रही' हे लहान रूप काही जण पसंत करतात. मात्र घरी, दारी, गावी या सप्तमीच्या रूपांप्रमाणे तेही 'दुसऱ्या ग्रहावर' असे वाचले जाऊ शकते, आणि 'परग्रही गावकरी' म्हणजे तेथे राहायला गेलेला आपल्याकडचा गावकरी असाही समज होईल.

मग मूळ इंग्रजी विशेषणातला अर्थ मराठीत कोठून आणायचा? माझ्या मते तो स्वतंत्र विशेषणाने आणूच नये, त्यासाठी 'चा' हा षष्ठीचा प्रत्यय पुरेसा आहे. आपल्याकडे अनोळखी माणूस एसटीतून उतरला की त्याला "पाव्हणं, कंचं गाव म्हणायचं?" असे विचारतात, आणि तो वाईचा, विट्याचा किंवा तासगावचा असे उत्तर मिळाले की ओळख पुरी होते. त्याच रीतीने 'एंडोरच्या चंद्रावरचा एक गावकरी' असे लिहिले की तो कोठला हे कळते, तो आपल्यापैकी नाही हेही कळते, आणि त्याला त्याच्याच गावात परका ठरवण्याची वेळ येत नाही.

'ग्रामस्थ' हा शब्द चुकीचा नाही, पण तो यात्रेच्या पत्रिकेत 'समस्त ग्रामस्थ मंडळ' असा समूहाने शोभतो. सोबत्याच्या मृतदेहापाशी बसलेल्या एकट्या जिवाला तो फार कोरडा वाटतो. 'खेडूत' तर नकोच, कारण तो शहरातून खेड्याकडे पाहणाऱ्याचा शब्द आहे आणि स्वतःला कोणीही खेडूत म्हणवून घेत नाही.

राहिला 'इवॉक' हा शब्द. चित्रपटाच्या संवादांत तो एकदाही उच्चारला जात नाही, श्रेयनामावलीत मात्र दिसतो, आणि म्हणूनही मुलांसमोर पहिल्या उल्लेखात 'गावकरी' हा शब्द आधी यावा असे मला वाटते. त्याच्या लिंगाविषयी माझे मत ठाम आहे. दिसायला ते अस्वलाच्या पिल्लांसारखे असल्याने आणि 'अस्वल' व 'पिल्लू' हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी असल्याने 'ते इवॉक आलं' असे म्हणण्याकडे मुलांचा कल होईल. परंतु ज्याला भाषा आहे, गाव आहे आणि मेलेल्या सोबत्यासाठी ज्याचा जीव तुटतो, त्याला 'तो' किंवा 'ती'च म्हणावे. रूपे 'बैल' या शब्दाप्रमाणे चालवावीत: एक इवॉक, दोन इवॉक, इवॉकाने, इवॉकांनी.

तेव्हा वाक्य असे करता येईल: 'एंडोरच्या चंद्रावरचा एक गावकरी, हा इवॉक लढाईत पडलेल्या आपल्या सोबत्याला उठवू पाहतो.' 'व्यक्ती' किंवा 'प्राणी' यांपैकी काही जोडण्याची गरज नाही, आणि वडिलांना हे वाक्य एकदा वाचून दाखवावे.