मालवणी विकिपीडियासाठी अर्ज करण्याआधी

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. मालवणी ही भाषा की बोली, यावर दोन पानं खर्ची घातली आहेस. ती काढून टाक. या वादात आपण गोव्यातले लोक चांगलेच मुरलेले. कोकणीला राजभाषा करणारा १९८७चा कायदा झाला तरी हौस फिटली नाही. विकिपीडियाच्या भाषा समितीला मात्र त्यात रस नसतो. ती रुक्ष गोष्टी तपासते: आंतरराष्ट्रीय यादीत भाषेला स्वतंत्र कोड आहे का, पडद्यावरच्या सूचनांचं भाषांतर झालंय का आणि इन्क्युबेटरमध्ये (नव्या भाषांच्या चाचणी-विकिपीडियांची जागा) माणसं सातत्याने लिहिताहेत का.

कोडापाशीच तुझं घोडं अडेल. त्या यादीत मालवणी कोकणीच्या पोटात आहे (काकांना सांगू नकोस, ते तिला मराठीच्या पोटात घालतात). कोड मागता येतो, पण तिथे सह्यांची मोहीम चालत नाही, भाषाशास्त्रीय पुरावे लागतात.

सरकारी मान्यतेवरही विसंबू नकोस. तुळू राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, तरी २०१६मध्ये तिचा विकिपीडिया सुरू झाला. कोकणी १९९२पासून अनुसूचीत, पण तिला २०१५ उजाडलं. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोश २०१३मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला होता, तरी लिहिणारे हात लागलेच. घाईचं म्हणशील, तर स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया बघ. तिथले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिल्याचं २०२०मध्ये उघड झालं. तेव्हा यंत्राकडून भाषांतर करून आकडा फुगवू नकोस.

त्यापेक्षा मानशीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या झडपेच्या दारांवर, एक लेख लिहून बघ. भरतीच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, म्हणून खाजनात, त्या बांधाआडच्या सखल शेतात, खारं पाणी शिरत नाही आणि कोरगुट भात पिकतो. हे आजोबांकडून ऐकलेलं तू झरझर लिहिशील, पण विकिपीडियाला छापील संदर्भ लागतो. तो शोधताना खरा घाम निघेल. आणि ‘शेती’, ‘दार’ ठीक. ‘पाण्याचा दाब’, ‘क्षारता’ मालवणीत कसं लिहिणार? असे पन्नास लेख लिहायची उमेद असलेले आणखी दोघं-तिघं पेडण्यात, सावंतवाडीत गाठ. मिळाले नाहीत, तर सध्या मराठी विकिपीडियावर लिही, त्यात कमीपणा नाही.

लेख झाला की मला पाठव. शिव्या मालवणीतच घालीन.

तुझा,
मास्तर