सेल्सने शब्द दिला, निस्तरायचं आम्ही?

प्रश्न: आमच्या सेल्सवाल्याने क्लायंटला परस्पर सांगून टाकलं की तिमाही संपायच्या आत ॲप ऑफलाइन चालेल, आणि आम्हाला ते कळलं थेट क्लायंटच्या मेलवरून. आता मॅनेजर म्हणतात हातातलं सगळं सोडा नि हे करा. कमिशन त्याला, सुट्टीच्या दिवशी काम आम्हाला. सरळ नाही म्हणू का?

उत्तर: राग येणारच, आणि रास्त आहे. पण नुसतं नाही म्हणालात तर पुढच्या वेळी तो तुम्हाला आणखीच टाळेल. हे भांडण स्वभावाचं कमी आणि पैसे कशावर मिळतात त्याचं जास्त असतं. बऱ्याच कंपन्यांत सेल्सवाल्याच्या कमाईचा मोठा भाग टार्गेटवर असतो, करारावर सही झाली की त्याचं काम फत्ते, आणि समोर क्लायंट विचारतोय "आहे का नाही ते सांगा", तिमाही संपत आलीये, अशा वेळी तोंडातून हो निघून जातं. नंतर ते फीचर वर्षानुवर्षं सांभाळायचं कोणी, हे त्याच्या टार्गेटमध्ये कुठेच नसतं.

आधी त्याच्यासोबत क्लायंटशी बोला. "टेक्निकली अवघड आहे" म्हणू नका, ते कोणी ऐकत नाही. नेट नसताना दोघांनी एकाच ऑर्डरमध्ये वेगवेगळा आकडा टाकला तर नेट आल्यावर कोणाचा खरा धरायचा, एवढंच विचारा. कितीदा तरी असं निघतं की क्लायंटला नेट नसताना फक्त माहिती बघायची असते, बदलायची नसते, आणि ते काम कितीतरी लहान आहे.

दुसरं, हे कुणी फारसं सांगत नाही, फायनान्सवाल्यांना गाठा. आयएफआरएस 15 हा हिशेबाचा नियम 2018 पासून लागू आहे, तो जिथे चालतो तिथे ठरावीक फीचर पुढे देऊ असं कबूल केलं असेल तर ती वेगळी जबाबदारी धरली जाऊ शकते, आणि मग तिच्या वाट्याचं उत्पन्न फीचर हातात दिल्याशिवाय दाखवता येत नाही. तुमच्या दहा मेलपेक्षा हा एक मुद्दा वरच्यांना लवकर कळेल.

आणि मॅनेजरकडे एक गोष्ट धरून बसा: प्रॉडक्टमध्ये नसलेलं काही विकायचं असेल तर सहीच्या आधी इंजिनिअर कॉलवर हवा, आणि अशा डीलच्या कमिशनचा काही भाग फीचर चालू झाल्यावरच मिळावा.