नवी माळ घातलीय? आखाडाआधी एवढं बघा

माउली, वारकऱ्याची तुळशीची माळ घातलीत, फार बरं केलंत. सुरुवातीला दोनच गोष्टी घट्ट धरा: रोजचा हरिपाठ आणि महिन्याच्या दोन एकादशा. हरिपाठ संध्याकाळी, टीव्ही लागायच्या आत. काकडा (पहाटेची आरती), पारायण, पायी वारी हे सगळं नंतर.

माळकऱ्याला मांसाहार बंद, म्हणून खरी परीक्षा आखाडात, श्रावणाआधीच्या मटणाच्या पंगतींत. मित्र ढाब्यावर ओढतील, पाहुणे म्हणतील, ‘नुसता रस्सा तरी घ्या.’ मग ‘आजच्या दिवस’ म्हणत माळ खिशात जाते. नवख्यांची ही नेहमीची चूक. पंगत टाळू नका, यजमानाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आपल्या सोलापुरात कुणाच्याही घरी निघतं.

आणखी काही चुका:
- घरच्यांना उपदेश करणं. माळ तुम्ही घातलीय, त्यांनी नाही.
- वेगळ्या स्वयंपाकाचं ओझं बायकोवर टाकणं. भाकरी थापायला शिका (तिच्यासाठीही थापा!).
- निर्जळी एकादशीचा हट्ट. इथल्या उन्हाळ्यात तर नकोच.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला (जत्रेला) जाऊ का, असं विचारलंत. खुशाल जा. विठोबाने महादेवाला मस्तकी धरलंय, असंच आपल्यात मानतात.