लेकरू फोन का उचलत नाही?

"मुलगा बारावीला आहे, लातूरला रूम करून राहतो, नीटची तयारी करतो. मी रोज फोन लावते. दहादा लावावा तेव्हा एकदा उचलतो, 'हं, हं' करून ठेवून देतो. मी तरी काय विचारते? जेवलास का आणि टेस्टला किती पडले, एवढंच. आता तर मामाचाही उचलेना. एसटीने डबा पाठवते, तो मात्र बरोबर स्टँडवर येऊन नेतो. वडील म्हणतात, खर्चाचे पैसे अडकवले की आपोआप उचलेल. पुतणी बी.एड. करते, ती म्हणते यालाच ऋण प्रबलन म्हणतात, पुस्तकातच आहे. माझं लेकरू असं नव्हतं हो."
– एक आई, निलंगा तालुका

ताई,

डबा नेतो ना? मग तो तुमच्यावर रुसलेला नाही. डब्यात चटणी असते, भाकरी असते, 'किती पडले' नसतं.

रशियात इवान पावलोव कुत्र्यांच्या पचनावर काम करत होते. १९०४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. अन्न तोंडात पडलं की लाळ सुटते, यात नवल नाही. पण खाऊ घालणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटायला लागली. मग पावलोवांनी अन्नाआधी मेट्रोनोमची, म्हणजे ताल धरणाऱ्या यंत्राची, टिकटिक ऐकवायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीवरही लाळ येऊ लागली. पुस्तकात याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

तुमच्याकडे टिकटिक म्हणजे फोनची रिंग. सातशे वीसपैकी चारशे पडलेल्या पोराच्या पोटात 'किती पडले' ऐकून गोळा येणारच. पण त्या प्रश्नाच्या आधी दर वेळी 'जेवलास का' येतो, आणि त्याच्याही आधी रिंग. आईनं जेवणाचं विचारावं याहून मायेचं काय असतं? तरी आता त्या दोन शब्दांनीही त्याची छाती धडधडत असणार. मामाचंही तेच. १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे), तर ते बाळ सशालाही भ्यायला लागलं. भीती अशी शेजारी सरकते.

आता पुतणीकडे येऊ. पुस्तकात आहे हे खरं, पण उलटं आहे. प्रबलन धन असो की ऋण, त्याने वागणं वाढतं. नकोशी गोष्ट टळली म्हणून एखादं वागणं वाढलं, तर ते ऋण प्रबलन. तुमचा मुलगा फोन उचलत नाही, रिंग थांबते, त्याला हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी न उचलणं आणखी सोपं जातं. ऋण प्रबलन आहे ते हे! पैसे अडकवणं ही सरळसरळ शिक्षा. पुतणीला सांगा, परीक्षेआधी हे प्रकरण परत वाच. आणि शिक्षेनं तो फोन उचलेलही, पण मार्क खोटे सांगायला शिकेल. तेव्हा पैसे वेळेवर जाऊ द्या.

राग मानू नका, पण तुम्हालाही कुणीतरी शिकवलंय. तो कधी तिसऱ्या फोनला उचलतो, कधी दहाव्याला. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी उंदीर-कबुतरांवर हेच पाहिलं: फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, की ती सवय सर्वांत चिवट होते. म्हणून तुमचंही बोट रिडायलवरून हटत नाही.

रोज फोन नको. बुधवार ठरवा, रविवारची टेस्ट झाल्या झाल्या तर मुळीच नको. त्याने नाही उचलला तर परत लावू नका, 'सहज केला होता' एवढा मेसेज टाका. मार्कांचं नाव तुम्ही, वडील, मामा, कुणीच काढायचं नाही. सोयाबीनला काय भाव लागला, गाय व्याली का, हे बोला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, घरी बोलवा; शेतात भज्जी-आंबील खाताना पाहुण्यांपैकी कुणी 'काय मग डॉक्टर' म्हणालंच, तर तुम्हीच विषय बदला. तो आपणहून मार्क सांगेल तेव्हा ऐकून घ्या, 'अजून जरा जोर लाव' जोडू नका.

लगेच फरक दिसणार नाही. जुनी जोडी सुटायला वेळ लागतो, आणि सुटली असं वाटल्यावरही ती मध्येच परत डोकं काढते. पावलोवांच्या कुत्र्यांतही तसंच दिसलं होतं. एखाद्या बुधवारी पुन्हा उचलला नाही म्हणून घाबरून दहा फोन करू नका.

मात्र हे शास्त्र दिसणाऱ्या वागण्यापुरतं आहे, मनात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. डबा भरलेला परत यायला लागला, झोप उडाली, किंवा 'माझं काही खरं नाही' असं तो बोलला, तर बुधवारची वाट पाहू नका. मिळेल ती एसटी पकडून त्याच दिवशी लातूर गाठा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. तो तुमच्याकडेही असू द्या, त्याच्याकडेही.