ईएसआयचं कार्ड बाहेर चालत नाही, मग फिजिओथेरपी कुठे करायची?

प्रश्न : माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत. मशीनवर काम करताना उजवा खांदा दुखावला. ईएसआयने (कामगार राज्य विमा योजनेने) पाठवलेल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने फिजिओथेरपी सांगितली आहे, पण ईएसआय दवाखान्यात 'आमच्याकडे सोय नाही, बाहेर करा' म्हणतात. बाहेर कार्ड कुणी घेत नाही. शेवटी पैसे भरून सुरू केली. क्लिनिकवर केस करता येईल का? पैसे परत मिळतील का? – एक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, क्लिनिकवर केस करू नका, टिकणार नाही. ज्याचा ईएसआयशी करार नाही, त्याच्यावर कार्ड स्वीकारायचं बंधन नाही. बंधन आहे ते योजनेवर. मिस्टरांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्याच्या बदल्यात उपचार द्यायची जबाबदारी योजनेची आहे.

अडचण एवढीच, की 'बाहेर करा' हे तुम्हाला तोंडी सांगितलं गेलं. तोंडी बोलण्यावर बिल पास होत नाही. उद्याच दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या : सर्जनने फिजिओथेरपी लिहून दिली आहे, आपल्याकडे सोय नसल्यास करार असलेल्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी द्यावी, नाहीतर बाहेर उपचार घ्यायला लेखी परवानगी द्यावी. सोबत सर्जनच्या कागदाची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

आधी भरलेल्या पैशांची खात्री मी देणार नाही. परवानगीआधीचा खर्च मंजूर करून घेणं अवघड जातं, तरी परतफेडीचा अर्ज जरूर करा. बिलावर तारखेनिहाय सेशन आणि फिजिओथेरपिस्टचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. (खांदा चोळून देणाऱ्या हाडवैद्याची पावती जोडू नका. लोक जोडतात!) चिठ्ठी येईपर्यंत मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सांगलीच्या सिव्हिलला केसपेपर काढून विचारा. व्यायाम मात्र थांबवू नका, खांदा आखडला तर पुढे जास्त त्रास.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. इजा कामावर झाली, तर कारखान्याने ईएसआयला अपघात अहवाल पाठवला का? पुष्कळदा 'आजारपण' दाखवून मोकळे होतात. आजारपणात सर्वसाधारणपणे पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरची इजा धरली तर तात्पुरत्या अपंगत्वापोटी ९० टक्के, आणि काम करता येत नाही तोवर. खांद्यात कायमची कसर राहिली तर पुढचा लाभही याच नोंदीवर अवलंबून. अहवालाची प्रत मालकाकडे लेखी मागा, आणि दवाखान्याचं रजेचं सर्टिफिकेट एकही आठवडा चुकवू नका.

परतफेड नाकारली तर दाद कामगार विमा न्यायालयात मागायची. उपचारातच हयगय झाली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. ईएसआयची वैद्यकीय सेवा फुकट नसून वर्गणीच्या बदल्यात असते, म्हणून ती ग्राहक कायद्यात येते, असं सर्वोच्च न्यायालयाने किशोर लाल प्रकरणात २००७ साली सांगितलं आहे. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि सांगलीतच तक्रार दाखल करता येते.